सचिनची फेरारी विरुद्ध आजच्या इलेक्ट्रिक गाड्या: वेग स्वस्त झाला, पण त्याची किंमत कोण मोजतंय?

२००२ साली सचिन तेंडुलकरनं कसोटीतलं २९ वं शतक ठोकून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली. त्यानिमित्त त्याला लाल रंगाची फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली, तीही मायकल शूमाकरच्या हस्ते. गाडी भारतात आणायची तर १ कोटी १३ लाखांचं सीमा शुल्क भरावं लागणार होतं. सरकारनं ते माफ केलं आणि देशभर वाद पेटला. सचिनला सूट का? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि अखेर शुल्क कंपनीनं भरलं. २०११ च्या सुमारास सचिननं ती गाडी विकली. २०१२ मध्ये राजेश मापुसकर यांच्या ‘फेरारी की सवारी’ या सिनेमामुळे सचिनची फेरारी घराघरात पोहोचली.

आज त्या गाडीचं वय वीसच्या पुढे आहे. रील्समध्ये मात्र नव्या इलेक्ट्रिक गाड्या सेकंदांचे आकडे दाखवत फिरतायत. मग जुनी फेरारी आणि आजच्या गाड्या समोरासमोर उभ्या केल्या तर? उत्तर सोपं वाटतं, पण ते थेट सदाशिव पेठेच्या फुटपाथपर्यंत येतं. कसं ते बघू.

आकड्यांत कोण जिंकतं?

० ते १०० किमी वेग गाठायला लागणारा वेळ बघा:

• फेरारी ३६० मॉडेना: ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, सुमारे ४०० हॉर्सपॉवर, ४.५ सेकंद
• फेरारी २९६ जीटीबी, म्हणजे याच घराण्यातली नवी हायब्रिड: सुमारे ८३० हॉर्सपॉवर, २.९ सेकंद
• एमजी सायबरस्टर, इलेक्ट्रिक: सुमारे ५०० हॉर्सपॉवर, ३.२ सेकंद
• महिंद्रा बीई ६, इलेक्ट्रिक, मोठ्या बॅटरीची: २८० हून जास्त हॉर्सपॉवर, ६.७ सेकंद

आता किमती जोडा. २९६ जीटीबी भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम ५ कोटींच्या वर होती. सायबरस्टर जुलै २०२५ मध्ये आली ती ७४.९९ लाखांना. बीई ६ तर आपल्या चाकणमध्येच बनते आणि तिची किंमत १८.९० लाखांपासून सुरू झाली.

म्हणजे ज्या वेगासाठी २००२ मध्ये फेरारीच लागायची, त्याच्या पुढचा वेग आता पाऊण कोटीत मिळतो. आणि त्याच्या बऱ्यापैकी जवळ जाणारी गाडी मध्यमवर्गीय सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसू शकते.

हे झालं कसं?

पेट्रोल इंजिनाला ताकद दाखवायला आधी फिरावं लागतं. ३६० मॉडेनाची पूर्ण ताकद ८,५०० आरपीएमला मिळते. तिथपर्यंत इंजिन नेणं, गिअर बदलणं, सगळं जमवावं लागतं. इलेक्ट्रिक मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून हजर असतो. फेरारीचा टॉर्क ३७३ न्यूटन-मीटर, सायबरस्टरचा ७२५.

पण नवी गाडी सगळ्यात पुढे आहे असंही नाही. सायबरस्टरचं वजन जवळपास दोन टन, तर अॅल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे ३६० मॉडेना साधारण १,४०० किलोंची. हलकी गाडी वळणावर जास्त चपळ वाटते. कमाल वेगातही ताशी २९५ किमीच्या आसपास जाणारी फेरारी सायबरस्टरपेक्षा बरीच पुढे आहे. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. अर्थात मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाट रस्त्याला मर्यादा १०० ची आहे आणि वर कॅमेरे बसलेत. त्यामुळे २९५ हा आकडा इथे फक्त सांगण्यापुरता.

मग जुनी गाडी ठेवण्यात अडचण काय?

खरी अडचण कागदपत्रांत आणि पेट्रोल पंपावर आहे.

पहिली गोष्ट नोंदणी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं २० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांचं नूतनीकरण शुल्क वाढवलं. साध्या कारला १०,००० रुपये, आयात केलेल्या चारचाकीला ८०,०००.

मग ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत? २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी. २००२ ची गाडी २०५२ नंतर त्यात बसेल. तोवर ती ना नवी, ना व्हिंटेज.

दुसरी गोष्ट इंधन. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. वीस वर्षांपूर्वीच्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. त्यांचे रबरी पाइप आणि सील लवकर खराब होण्याची भीती असते.

उलट बाजूला इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. राज्यात इलेक्ट्रिक गाड्यांना एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. प्रदूषण कमी व्हावं म्हणून हे धोरण योग्यच आहे. पण त्याच सवलतींतून जास्त ताकदीच्या गाड्याही स्वस्त होतात, याची चर्चा कमी होते.

याचा सदाशिव पेठेशी काय संबंध?

इथल्या गल्ल्या पेशवाईतल्या आखणीच्या. फुटपाथवर दुकानांच्या पायऱ्या, रस्त्याकडेला दुचाकी, मधून आजी-आजोबा आणि अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडलेली एमपीएससीची पोरं.

३१ मे २०२५ च्या संध्याकाळी याच पेठेत, भावे हायस्कूलजवळ चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या लोकांवर एक कार चढली. १२ जण जखमी झाले. त्यात स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी होते आणि काहींची दुसऱ्याच दिवशी परीक्षा होती. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. ती स्पोर्ट्‌स कार नव्हती, साधी गाडी होती.

त्याच्या वर्षभर आधी, १९ मे २०२४ ला पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकान या इलेक्ट्रिक गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअरचा जीव गेला. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. १,७५८ रुपयांचं शुल्क न भरल्यामुळे गाडीची कायमस्वरूपी नोंदणीही झालेली नव्हती.

हे अपघात गाडी इलेक्ट्रिक किंवा साधी असल्यामुळे झाले असं नाही. पण एक ढोबळ हिशोब करून बघा. ३.२ सेकंदांत शंभर गाठणारी गाडी पूर्ण जोरानं निघाली तर दोन सेकंदांत ६० च्या वर जाते, तेही सुमारे १७ मीटरमध्ये. म्हणजे पीएमपीच्या मोठ्या बसच्या दीडपट अंतरात. समोरच्या आजोबांना मान वळवायलाही तेवढा वेळ पुरत नाही. धडकेची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. इथे वजन आणि वेग दोन्ही वाढलेत.

परवाना मात्र तोच

भारतात ‘हलकं मोटार वाहन’ असा एकच परवाना असतो. त्यावर छोटी हॅचबॅक चालवा नाहीतर ८३० हॉर्सपॉवरची फेरारी. गाडीच्या ताकदीनुसार वेगळी चाचणी नाही, नवख्या चालकाला ताकदीची मर्यादा नाही.

फेरारी कोट्यवधींची होती तोवर हा प्रश्न मोजक्या लोकांपुरता होता. वेगावर पहारा कायद्याचा नव्हता, किमतीचा होता. आता तो पहारा उठतोय.

त्यामुळे ‘जुनी भारी की नवी?’ याचं उत्तर असं: सेकंदांत नवी जिंकते, वजन आणि आवाजात जुनी. खर्चाचा हिशोब सरकारी धोरणानं नव्याच्या बाजूनं लावलाय. पण २००३ मध्ये आपण एका गाडीच्या १ कोटी १३ लाखांच्या शुल्कावर देशभर भांडलो होतो. तेवढा वाद आता या प्रश्नावर व्हायला हवा: इतका वेग कुणाच्याही हातात देताना आपण त्याची परीक्षा नक्की कशाची घेतोय?