जुन्या संगणकाला नवे कार्ड

संसारात नवी वस्तू आणणे सोपे. असलेली वस्तू नीट चालविणे कठीण. बुऱ्हाणपूरच्या पुष्कळ घरांत आज एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. कोणी तो एखाद्या कचेरीने काढून टाकलेला म्हणून स्वस्तात घेतला, कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी नवा आणला. आता घरातील मुलगा म्हणतो, “यात एक ग्राफिक्स कार्ड घातले की काम झाले.” वडिलांच्या डोळ्यांपुढे मात्र शाळेची फी, घरभाडे आणि वाढते वीजबिल उभे राहते. दोघांचेही म्हणणे खोटे नव्हे. म्हणून या आठवड्यात या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे कार्ड करते काय, ते पाहू. पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम बहुतेक जुन्या संगणकांत मुख्य प्रोसेसरच आपल्या अंगच्या लहानशा भागाकडून करून घेतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे याच कामासाठी ठेवलेला स्वतंत्र गडी. त्याची स्मृतीही स्वतंत्र. खेळ, त्रिमितीय रेखाटन आणि चलच्चित्रांचे संपादन या कामांत त्याचा खरा उपयोग होतो. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, ऑनलाइन अर्ज भरणे यांत तो जवळजवळ रिकामाच बसून राहतो.

तेव्हा पहिला प्रश्न कार्ड कोणते हा नव्हे. संगणक कोठे अडतो, हा होय. आपल्या लालबागेजवळचा कुंडी भंडारा वाचकांनी पाहिलाच असेल. सातपुड्याकडून येणारे पाणी भुयारातून एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत वाहत येते. मधल्या एका ठिकाणी वाट बुजली, तर शेवटची कुंडी कितीही रुंद करून उपयोग नाही. संगणकाचेही तसेच आहे. तो सुरू होण्यासच पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम चार जीबी असल्यास आठ करावी. ही डागडुजी कार्डापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते आणि घरातील सर्वांच्या उपयोगी येते. यंत्रमागांच्या या गावी हवेतील सुताची बारीक धूळ पंख्यात साचते, आणि निमाडचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. पंखे साफ केल्यानेच कित्येक मंद यंत्रांना हुशारी आल्याचे दिसते.

एवढे करूनही मुलाचे काम अडत असेल, तर कार्डाचा विचार अवश्य करावा. मात्र बाजारात जाण्यापूर्वी संगणकाचे झाकण उघडून तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली, वीज. कार्ड ज्या खाचेत बसते, ती पीसीआय एक्सप्रेस खाच जास्तीत जास्त ७५ वॉट वीज देते. याहून अधिक मागणारे कार्ड वीजपेटीतून निराळी तार मागते, आणि कचेऱ्यांतील लहान संगणकांच्या पेटीत ती तार बहुधा नसते. मागाला मोठी मोटार बसवून तार जुनीच ठेवली तर काय होते, हे येथील कारागिरांस सांगावयास नको. दुसरी, जागा. पेटी अरुंद असेल तर कमी उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसेल. तिसरी, पडद्याची तार. जुन्या पडद्यांना निळ्या टोकाची व्हीजीए तार असते; नव्या कार्डांवर ती खाच नसते. मग रूपांतरक तरी घ्यावा लागतो किंवा पडदा तरी.

आता नावे. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डे स्वस्त म्हणून अजूनही पुढे केली जातात. ती केप्लर या जुन्या घराण्यातील असली, तर २०२४ पासून त्यांस सुरक्षेची सुधारणाही मिळत नाही. केवळ पडदा जोडण्यापुरतीच ती बरी. जीटी १०३० हे २०१७ चे कार्ड अवघी तीस वॉट वीज खाते. पण त्याच नावाने २०१८ मध्ये डीडीआर४ स्मृतीचे दुसरे कार्ड निघाले, आणि त्याचा स्मृतिवेग पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पेटीवर जीडीडीआर५ ही अक्षरे वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चे चांगले कार्ड. मात्र त्यासाठी आता २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत सुरक्षेच्याच सुधारणा येतील, नव्या खेळांसाठी नव्हेत. जीटीएक्स १६५० हे २०१९ चे कार्ड त्याहून सरस. त्याचे काही प्रकार निराळ्या तारेशिवाय चालतात, काही चालत नाहीत. तेवढे पाहून घ्यावे. आरएक्स ६४०० वीज कमी घेते, परंतु खाचेच्या चारच वाटा वापरते. त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर मंदावते. इंटेलचे आर्क ए३८० ‘रिसायझेबल बार’ नसलेल्या जुन्या यंत्रात घालू नये. आरटीएक्स ३०५० चा सहा जीबीचा, २०२४ मध्ये निघालेला प्रकार सत्तर वॉटांत भागवितो. पण तो नवाच आहे, आणि फार जुन्या प्रोसेसरासोबत त्याचे पुरते बळ दिसणार नाही.

जुने कार्ड घेण्यास हरकत नाही. तथापि इंदूर वा जळगावहून कोणी मागविले, तर ते चालवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. अतिशय जुन्या कार्डावर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याची लबाडी सर्वज्ञात आहे. ‘जीपीयू-झेड’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम अशी पुष्कळ सोंगे उघडी पाडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या नियमांत बसत नाहीत, आणि कोणतेही कार्ड घातल्याने ते बसणार नाहीत. तेव्हा ज्या यंत्राचे आयुष्य थोडे उरले, त्यावर यंत्राच्या किमतीएवढा खर्च करणे शहाणपणाचे नव्हे. थोडे थांबून तीच रक्कम पुढील संगणकासाठी साठविणे बरे.

वडिलांस आमचे सांगणे, मुलाचे मागणे चैन म्हणून एकदम झिडकारू नका. आज त्रिमितीय रेखाटन व चित्रसंपादन ही पोट भरण्याची विद्या आहे. काय शिकतोस, कोणता प्रोग्राम चालवितोस, तो कोठे अडतो, हे त्याच्याजवळ बसून विचारा. आणि मुलांनो, ज्या पैशातून हे कार्ड येईल, तो कोणाच्या तरी दुहेरी पाळीचा आहे. वर सांगितलेल्या तीन गोष्टी कागदावर लिहून, किंमत शेजारी मांडून तो कागद घरच्यांपुढे ठेवा. असा कागद पुढे आला, म्हणजे नकार मिळाला तरी त्याचे कारण समजेल, आणि होकार मिळाला तर पैसा वाया जाणार नाही.