'हरकत नाही' म्हणजे नेमके काय?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारींच्या शर्यतीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण अभियांत्रिकीला असलेल्या मित्रांचे या विषयावरचे वाद ऐकून माझे ठाम मत झाले आहे, की हा विषय त्यांच्या वर्कशॉपचा जितका, तितकाच आपल्या वर्गाचा आहे. भांडण इंजिनाचे नसते. ते एका वाक्याच्या अर्थाचे असते.

हौशी शर्यतीतली गाडी पुष्कळदा रस्त्यावरचीच असते. तिच्या आत पोलादी नळ्यांचा संरक्षक पिंजरा बसवतात, शर्यतीची खुर्ची आणि पट्टे लावतात. समजा, नियम असा आहे : 'पिंजरा बसविण्यासाठी आवश्यक तेवढे आतील अस्तर काढण्यास हरकत नाही.' वाक्य सरळ दिसते. पण 'आवश्यक तेवढे' म्हणजे किती? नळीच्या वाटेत येणारा चार बोटांचा तुकडा, की दाराचे सबंध अस्तर? गालिचा 'अस्तरा'त येतो का? डॅशबोर्ड येतो का? मागची सीट? एक म्हणतो, जे मना केलेले नाही ते चालेल. दुसरा म्हणतो, जे सांगितले आहे तेवढेच चालेल. हा नुसता शब्दच्छल नव्हे. कमी झालेला प्रत्येक किलो वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळणावर उपयोगी पडतो.

मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या 'परिशिष्ट जे'मध्ये अशा गाड्यांसाठी दुसरी बाजू घेतली आहे : ज्या बदलाला स्पष्ट परवानगी नाही, तो निषिद्ध. आपल्या मीमांसकांना ही युक्ती पूर्वीच ठाऊक होती. अमुक पाच प्राणी खावेत, या वचनाचा अर्थ ते खाल्लेच पाहिजेत असा नाही. त्या जातीचे इतर खाऊ नयेत, असा आहे. याला ते 'परिसंख्या' म्हणतात. महामहोपाध्याय काणे यांनी भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या पाचव्या खंडात मीमांसेच्या अर्थनिर्णयाची विस्ताराने चर्चा केली आहे. पुण्याच्या टेकड्यांवर एकीकडे १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत मोटारी तपासल्या जातात आणि पायथ्याशी शब्द तपासले जातात. या दोन्ही विद्यांची गाठ शर्यतीच्या नियमांत पडते, असे मला वाटते.

परंतु नुसत्या अक्षरावर सर्व भागत नाही. १९७८ साली स्वीडनच्या ग्रां प्रीमध्ये ब्रॅबहॅमच्या गाडीला मागे मोठा पंखा होता. हवेच्या दाबासाठी हलते साधन वापरण्यास बंदी होती. संघाचे म्हणणे, पंखा मुख्यतः इंजिन थंड करण्यासाठी आहे! प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा खेचून तिला रस्त्याला चिकटवत होता. निकी लाउडा जिंकला, विजय कायम राहिला, पण ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. असले प्रसंग टाळण्यासाठी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमांतच सांगितलेले असते, की नियमाच्या हेतूचा भंग हा नियमाचाच भंग होय.

हे तत्त्व मला मान्य आहे, पण अर्धेच. हेतू सांगणार कोण? शर्यतीच्या दिवशी सकाळी तपासनिसाने तो सांगायचा असेल, तर नियमाची जागा त्याची मर्जी घेईल. आणि त्याची झळ हौशी स्पर्धकालाच लागते. श्रीमंत संघ दोन गाड्या तयार ठेवू शकतो. सहा महिने पैसे साठवून पिंजरा वेल्ड करून घेणाऱ्याने नियमाचा संकुचित अर्थ घेतला तर तो मागे पडतो. सैल अर्थ घेतला तर फाटकातूनच परत जातो.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक सवलतीपुढे तिचे कारण एका ओळीत लिहावे. 'नळीला जागा व्हावी म्हणून' असे म्हटले, की सबंध अस्तराचा प्रश्न तिथेच सुटतो. दुसरे, शंका आगाऊ लेखी विचारावी आणि उत्तर सर्व स्पर्धकांना कळवावे. एकट्यालाच कानात सांगितलेला अर्थ हा नियम नव्हे, तो वशिला झाला. तिसरे, चालकासह गाडीचे किमान वजन ठरवून शर्यतीनंतर काटा करावा, म्हणजे गाडी ओरबाडण्याचा मोह बराच ओसरेल.

शर्यतीची परवानगी रस्त्यावर चालत नाही, हेही ध्यानात असावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. नोंदणीत आसनसंख्याही असते. तेव्हा मागची सीट काढलेली गाडी तशीच घरी आणणे, हा वेगळाच प्रश्न आहे.

नियमात फट शोधणाऱ्याला मी लबाड म्हणणार नाही. फट सापडल्यावर जो ती उघडपणे विचारतो, तो नियम सुधारण्यास मदतच करतो. जो झाकून ठेवतो, तो सोबतच्या स्पर्धकांना फसवतो. हा भेद ओळखण्यास इंजिनाचे ज्ञान लागत नाही. वाक्य नीट वाचता यावे लागते, आणि ते शिकण्यासाठीच तर आपण कला शाखेत आलो आहोत.