व्हेंटिलेटरपाशी निर्णय होत नाही, तो घरी व्हायला हवा

७ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ५७ वर्षांच्या एका रुग्णाला डुकराचे हृदय बसवण्यात आले. त्यासाठी त्या प्राण्याच्या जनुकांत दहा बदल केले होते. रुग्ण दोन महिने जगला. या संशोधनातले एक प्रमुख नाव म्हणजे कराचीत वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन. बातमी आली तेव्हा आपल्यात चर्चा झाली ती हलाल-हरामची. प्राण्याच्या हृदयाकडे वळण्याची वेळ का आली, हे फारसे कुणी विचारले नाही. उत्तर साधे आहे: माणसांची हृदये पुरेशी मिळत नाहीत.

प्रत्यारोपणासाठी हृदय मिळते ते बहुधा मेंदूमृत, म्हणजे ब्रेन-डेड व्यक्तीकडून. इथेच घरचे लोक अडखळतात. अंग गरम आहे, छाती वर-खाली होते आहे, मग मय्यत कशी म्हणायची? शंका स्वाभाविक आहे. पण छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. हृदयाला स्वतःची विद्युतप्रणाली असते, ऑक्सिजन मिळेपर्यंत ते धडधडत राहते. कोमातला माणूस शुद्धीवर येऊ शकतो, मेंदूमृत माणूस परत येत नाही. आपल्या १९९४च्या कायद्यानुसार हे चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावे लागते. किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या होतात आणि प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात.

धर्माचे काय? सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९८२ मध्येच मृत व्यक्तीचे अवयव घेण्यास मुभा दिली. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथे मेंदूमृत्यू हा मृत्यू मानला. १९८८ मध्ये जेद्दा येथे तिने संमतीने अवयव देण्यास परवानगी दिली आणि त्यांच्या विक्रीस मनाई केली. इराणने २००० मध्ये याबाबत कायदा केला. आपल्या उपखंडातील अनेक उलेमांचे मत मात्र वेगळे आहे. मृतदेहाचीही हुरमत असते, ही त्यांची भूमिका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मतभेद आहे, हे मान्य. पण ‘इस्लाममध्ये मनाईच आहे’ असे एका वाक्यात सांगून विषय मिटवणे खरे नाही.

दफनाला काही तास उशीर होतो, हेही लपवू नये. मात्र शस्त्रक्रियेनंतर जखम नीट शिवून देह घरच्यांच्या ताब्यात देतात. गुस्ल, कफन, जनाजाची नमाज, सगळे रीतसर होते.

यात न्यायाचाही प्रश्न आहे. भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण १९६८ साली मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी केले. रुग्ण काही तासच जगला, पण प्रयत्न सार्वजनिक रुग्णालयात झाला होता. आज ही शस्त्रक्रिया, एक्मो आणि हृदयाचे यांत्रिक पंप गरिबाच्या आवाक्याबाहेर आहेत. दान गरीब कुटुंबानेही करावे आणि लाभ मात्र पैसेवाल्यालाच मिळावा, हे चालणार नाही. सरकारी रुग्णालयांत ही सोय वाढावी म्हणून आवाज उठवणे हेही आपलेच काम आहे.

मित्रमैत्रिणींनो, कार्ड भरून खिशात ठेवले म्हणजे काम झाले असे समजू नका. त्या वेळी डॉक्टर तुमच्या अम्मी-अब्बूंना, शोहर-बीबीला विचारणार आहेत. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत धडधडावे लागते, तेव्हा वाद घालायला सवड नसते. तुमचे मत होकाराचे असो वा नकाराचे, ते आज दस्तरख्वानावर बोलून ठेवा. मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना आणि एखाद्या डॉक्टरला एकत्र बसवा, प्रश्न विचारा. यादीत थांबलेल्या रुग्णाला अवयव देताना हा कायदा धर्म विचारत नाही. घेताना आपण तो विचारणार नसू, तर देण्याचा विचार तरी मोकळ्या मनाने करायला हवा.