मवाळपणाचं व्याज

दोस्तांनो, हरि विनायक पाटसकर हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतल्या पोरांनी ऐकलेलं नसणारच. आमच्या खानदेशातही आता जुन्या वकिलांखेरीज कुणाला ते आठवत नाही. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच लिहितोय. वाईट माणसाला शिव्या घालायला अक्कल लागत नाही. सज्जन माणसाचा हिशेब मांडायला लागते.

मी चाळीसगावचा. आमचा तालुका आज जळगाव लोकसभा मतदारसंघात मोडतो. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जळगावातून पाटसकर काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत गेले. त्यांची कारकीर्द बघा. जन्म १८९२. धंदा वकिलीचा. घटना समितीचे सभासद. मग लोकसभा, मग केंद्रात कायदे खात्याचे मंत्री. १९५७ ला मध्य प्रदेशचे राज्यपाल, ते थेट १९६५ पर्यंत. मद्रास-आंध्र सीमेचा निवाडा त्यांचाच, तो १९६० साली अमलात आला. १९६३ ला पद्मविभूषण. मग आसामच्या डोंगरी मुलखासाठीचा आयोग, शेवटी पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद. १९७० ला गेले. कुणाला न दुखावणारा माणूस सरकारला जिथं जिथं हवा होता, तिथं तिथं पाटसकर होते.

यात आपला संबंध काय, असं विचाराल. संबंध हिंदू कोड बिलाचा आहे.

बाबासाहेबांनी ते बिल कायदेमंत्री म्हणून रेटलं. प्रवर समितीनं १९४८ ला त्याचा मसुदा पक्का केला. राव समितीनं मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठेवला होता, तो बाबासाहेबांच्या मसुद्यात बरोबरीचा झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जन्मानं फक्त पोरग्यालाच वडिलार्जित जमिनीत हक्क देणारी मिताक्षराची सहदायकी मोडायचं त्यात ठरलं होतं. मनूच्या घराचा खांब तोच. सनातनी बोंबलले, काँग्रेसचे मोठमोठे पुढारी आडवे पडले, नेहरूंनी कच खाल्ली. १९५१ च्या सप्टेंबरात चार कलमांपुढं गाडी सरकेना. बाबासाहेबांनी राजीनामा फेकला. पुढं काय झालं? १९५२ ला मुंबईत हरवले गेले, १९५४ ला भंडाऱ्यात हरवले गेले.

आणि बिल? त्याचे तुकडे केले. ते तुकडे संसदेत पार करायचं काम आलं पाटसकरांकडे. १९५५ ला हिंदू विवाह कायदा. १९५६ ला वारसा कायदा, मग पालकत्वाचा, दत्तकाचा आणि पोटगीचा. टाळ्या पडल्या. आपण रेटलेल्या बिलाचे तुकडे राज्यसभेच्या बाकावरून बघायची पाळी बाबासाहेबांवर आली.

आता तुकडे तपासू. लग्नाचा तुकडा बऱ्यापैकी शाबूत निघाला. पण आपल्या मुंबई राज्यात दुसरी बायको करायला बंदी १९४६ लाच आली होती, घटस्फोटाचा कायदा १९४७ ला. आणि आपल्या वस्त्यांत काडीमोड आणि पाट त्याच्याही कितीतरी आधीपासून होते. म्हणजे जे आमच्या आयांकडे होतंच, ते बामणवाड्याला मिळालं. त्याबद्दल तक्रार नाही, मिळू द्या. पण खरी मारामारी होती जमिनीची. आणि तिथंच मवाळांनी हात आखडला.

१९५६ च्या कायद्यानं सहदायकी तशीच ठेवली. कसं ते आकड्यात सांगतो. बापाची वडिलार्जित ९ एकर, दोन पोरगे, एक पोरगी, आई आधीच वारलेली. बाप मेला की आधी कागदावर वाटणी धरायची: बाप ३, पोरगे ३-३. मग बापाच्या ३ एकरांचे तीन वाटे. हाती आलं काय? पोरग्यांना ४-४ एकर, पोरीला १. जन्माचा हक्क मोडला असता, तर पुढच्या पिढीला सरळ तीन-तीन-तीन आले असते. वर आणखी गंमत म्हणजे राहत्या घरात भाऊ वाटणी मागत नाही तोवर बहिणीला ती मागता येत नव्हती. कायद्याच्या नावात समता, पोटात मनू.

मवाळ म्हणतील, अरे, अर्धी भाकर तर मिळाली. पाटसकरांसारखा समजूतदार माणूस नसता तर बिल कपाटातच कुजलं असतं. मान्य, तेवढं श्रेय त्यांना देऊन टाकू. भुकेल्यानं अर्धी भाकर घ्यावीच. पण वाढणाऱ्यानं उरलेली अर्धी कुणाच्या ताटात गेली ते सांगावं, आणि ती अर्धी आहे हे तरी लपवू नये. मवाळ पुढारी तडजोड करतो तेव्हा आपल्या खिशातलं काही सोडत नाही. जी बाई सभागृहात बसलेलीच नाही, तिचं सोडतो.

ती उरलेली अर्धी भाकर कधी आली? महाराष्ट्रात १९९४ ला, तीही आधी लग्न झालेल्या मुली वगळून. देशभर ९ सप्टेंबर २००५ ला. आणि बाप त्या तारखेला जिवंत असो-नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचाच, हे सुप्रीम कोर्टानं बोलायला ११ ऑगस्ट २०२० उजाडला. १९५६ ते २००५ म्हणजे ४९ वर्षं. तेवढ्यात बायांच्या दोन पिढ्या मातीत गेल्या. मवाळपणाचं व्याज असं असतं. कर्ज एक जण काढतो, मानमरातब घेऊन जातो, फेडतं तिसरंच.

आमच्या चाळीसगावला हा हिशेब नवा नाही. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब इथं उतरले. जवळच्या गावात महारांवर बहिष्कार होता, त्याची चौकशी करायला आले होते. स्टेशनावरून महारवाड्यात न्यायला टांगा हवा. महाराला बसवून टांगा हाकायचा? एकही टांगेवाला तयार होईना. मग मधला मार्ग निघाला. टांगा भाड्यानं घ्या, हाकणार मात्र आम्ही नाही. टांगेवाल्याची अब्रू राहिली, महारांनाही टांगा मिळाला. सगळे खूश! हाकायला बसला आपलाच एक माणूस, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उलथला. बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. मधला मार्ग काढणाऱ्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

हे वाचून फक्त सवर्ण पुढाऱ्यांकडे बोट दाखवू नका. आपल्यातही मवाळांचं पीक जोरात आहे. २००९ च्या निवडणुकीआधी बरीच वर्षं चाळीसगावची विधानसभेची जागा राखीव होती. पण १९३२ च्या पुणे करारानं मतदारसंघ संयुक्त झाले. उमेदवार आपला, त्याला निवडणारी बहुसंख्य मतं दुसऱ्यांची. महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींच्या कुठल्याही राखीव जागेचं गणित हेच. ज्याला सगळ्या गावाची मतं हवीत तो गावकीविरुद्ध तोंड उघडेल कशाला? मग तो समाजमंदिराला निधी देतो, जयंतीला हार घालतो, पाच वर्षं गप्प बसतो, पुन्हा तिकीट घेतो. त्याला आपण ‘अनुभवी’ म्हणतो.

आणि घरात? १९५८ च्या कायद्यानं महारवतन खालसा झालं, कुठं कुठं जमिनीचा तुकडा नावावर राहिला. आमच्या घरीही थोडी राहिली. आजोबा गेल्यावर आत्याला गाडीभाडं देऊन बोलावलं, हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला, नेसवली एक साडी. ‘भावाचं घर उघडं राहील ना माय,’ असं म्हणत तिनं अंगठा दिला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आम्ही १४ ऑक्टोबर १९५६ ला हिंदू धर्म सोडला असं छाती फुगवून सांगतो. पण १७ जून १९५६ चा तो हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि कायदा बायांना जेवढं देतो तेवढंही आपले बाप्ये देत नाहीत. ज्या बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद लाथाडलं, ते बिल आपणच तलाठ्याच्या टेबलावर रोज हरतो. इथं पाटसकरांना दोष देऊन सुटका नाही.

म्हणून भाषण पुरे. शहरात राहणाऱ्या पोरांनो, पुढल्या सुट्टीत गावी गेलात की सातबारा काढा. त्यावर बहिणीचं, आत्याचं नाव आहे का बघा. नसेल तर वारस नोंदीचा अर्ज तुम्ही लिहा, तिच्यासोबत तुम्ही जा. हक्कसोडपत्र पुढं आलं तर तिला आधी वाचून दाखवा, तिचा वाटा किती ते आकड्यात सांगा. घरात भांडण होईल. होऊ द्या. समजूतदारपणा करा म्हणून चार वडीलधारे येतील. त्यांना एवढंच विचारा, समजूतदारपणा दर वेळी तिनंच का करायचा?