बांधकामाचा धंदा आणि वावरची माणसे

जगाच्या निरनिराळ्या भागांत बांधकामाचा धंदा पुढे कोणत्या वाटेने जाणार, याविषयीची अनुमाने व्यापारी वर्तुळांत नित्य प्रसिद्ध होत असतात. त्यांत सिमेंट-पोलादाचे भाव, व्याजाचे दर आणि सरकारी योजनांचे आकडे यांचा भरपूर ऊहापोह असतो. परंतु ज्यांच्या डोक्यावरून घमेली जातात, त्या माणसांची बोळवण ‘मजुरी’ या एकाच शब्दात झालेली असते. आमच्या मते हा हिशेब खालच्या टोकापासून मांडून पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. याकरिता या महिन्यात आम्ही वाचकांस जव्हार तालुक्यातील वावर या गावी नेत आहोत.

वावरचे नाव महाराष्ट्राच्या कानी पडले ते एका शोचनीय प्रसंगाने. 1992-93 साली वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली. जव्हार हे 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. 2014 साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात गेले. वस्ती मुख्यत्वेकरून वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी यांची. पाऊस मुबलक, परंतु डोंगरउतारावरून तो वाहून जातो. नागली, वरई व भात यांचे एक पीक निघाले की शेत रिकामे होते. मग दिवाळी उरकून कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, विरार, ठाणे आणि नाशिक या बाजूंस निघतात. कोणी वीटभट्टीवर राहतात, कोणी इमारतीवर बिगारी होतात, तर कोणी रोज सकाळी नाक्यावर उभे राहून त्या दिवसापुरता मालक शोधतात. होळीला घरी यावे, पुन्हा कामावर जावे आणि पावसाच्या तोंडावर परतावे, असे हे वर्षाचे चक्र आहे.

मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण उभे आहे. त्याचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबई वाढते ती या मुलखाच्या पाण्यावर आणि याच मुलखातून उतरणाऱ्या हातांवर.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. चीनमध्ये खेड्यांतून कामासाठी बाहेर पडलेल्या मजुरांची संख्या सुमारे 30 कोटी आहे. त्यांच्या मुलांचे शिक्षण जन्मगावच्या नोंदणीशी जखडलेले असल्याने असंख्य मुले आजी-आजोबांजवळ मागे राहिली. आणि 2021 नंतर तेथील घरबांधणीचा फुगवटा ओसरताच काम गेले तेही प्रथम या मजुरांचेच. आखाती प्रदेशात मजूर मालकाच्या नावाशी बांधलेला असे. कतारने 2020 साली मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलण्याची मुभा दिली, तीही पुष्कळ बोभाटा झाल्यावर. जपानात बांधकाम मजुरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक पंचावन्नीच्या पुढचे आहेत, म्हणून तेथे माणसाच्या जागी यंत्र आणण्याची घाई चालली आहे.

या तिन्ही गोष्टी वावरच्या माणसासही लागू पडतात. प्रथम बंधनाची गोष्ट घेऊ. 1945 साली उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांचा उठाव झाला आणि वेठबिगार व लग्नगडी या चाली मोडल्या. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी देशभर निषिद्ध झाली. परंतु पावसाळ्याच्या चणचणीत मुकादमाकडून घ्यावयाची ‘उचल’ राहिलीच. उचल फिटेपर्यंत मजुराला भाव करता येत नाही, की दुसरीकडे जाता येत नाही. 1979 साली स्थलांतरित मजुरांसाठी कायदा झाला; पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता होता. जव्हारहून वसईस जाणारा मजूर त्यात बसलाच नाही.

1996 साली बांधकाम मजुरांसाठी स्वतंत्र कायदा होऊन बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर बसला व त्यातून मजुरांच्या कल्याणाचा निधी उभा राहिला. या तरतुदी पुढे 2020 च्या श्रमसंहितांत घेण्यात आल्या. निधीचा लाभ मिळण्यास मजुराची नोंदणी हवी आणि नोंदणीस वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. त्याने दाखला मागावा तरी कोणाकडे? पैसा जमा होतो आणि ज्याच्यासाठी तो जमा झाला, तो दाराबाहेरच उभा राहतो.

आता यंत्राची गोष्ट. पालघर जिल्ह्यात आज बांधकामाला तोटा नाही. वाढवण बंदराची पायाभरणी 2024 साली झाली. मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वेचा मार्ग याच जिल्ह्यातून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा 2025 साली खुला झाला. परंतु अशी कामे घमेल्यावर चालत नाहीत. काँक्रीट तयार होऊन येते, तुळया कारखान्यात ओतल्या जातात, लाकडी फळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे साचे येतात. यापुढे मागणी राहील ती नकाशा वाचणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, वीजजोडणी जाणणाऱ्या कारागिराला. निव्वळ ओझे वाहणाऱ्याचे काम घटत जाईल. घराशेजारी एवढा मोठा धंदा उभा राहत असता वावरच्या तरुणाला त्यात गवंड्याच्या हाताखाली उभे राहण्यापलीकडे जागा न मिळावी, हे घडू द्यावयाचे की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे मुलांत आहे. आई घमेले उचलते, थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळते, आणि दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत तिची शाळा बुडते. अशी मुलगी मोठी होऊन आईचेच घमेले उचलणार. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस व पुढे कोसबाड येथे जे काम केले, त्याचे मर्म हेच होते की मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. त्यांच्या कुरणशाळा गुरे राखणाऱ्या मुलांपाशी गेल्या. 1969 साली दिल्लीत ‘मोबाईल क्रेशेस’ या संस्थेने बांधकामाच्या जागीच पाळणाघर काढले. 1996 च्या कायद्यानेही पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची सक्ती केली. तेव्हा उपाय नवा शोधावयाचा नाही. आहे तो अमलात आणावयाचा आहे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे जुने वाडे आज पाडून नव्याने बांधले जात आहेत, व कित्येकांची नव्या घरांची बोलणी चालू आहेत. फरशी कोणती, स्वयंपाकघर कोणत्या दिशेस, देवघरास जागा किती, याविषयी घरात दहा वेळा खल होतो आणि तो व्हावाही. त्याच बैठकीत घरातील वडीलधाऱ्यांनी बांधकाम व्यावसायिकास आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: मजुरांची नोंदणी झाली आहे काय, त्यांना दिवसांचा दाखला मिळतो काय, आणि त्यांची मुले दिवसभर कोठे असतात? शक्य असेल तर उत्तरे लेखी मागावीत. गिऱ्हाईक जे विचारते त्याची तजवीज धंदा करतोच, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. हे प्रश्न त्यास आजवर कोणी विचारलेले नाहीत, एवढेच.