राज्याभिषेकानंतरची गोष्ट

नायक घर सोडतो, संकटं झेलतो, राक्षस मारतो आणि काहीतरी जिंकून परत येतो. जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये जगभरच्या पुराणकथांमागचा हा साचा मांडला. पुढे सिनेमावाल्यांनी तर तो पाठच करून टाकला. मॉरीन मर्डॉक या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कॅम्पबेलना विचारलं, मग या प्रवासात बाई कुठे? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की बाईला प्रवासाची गरजच नाही; सगळे जिथे पोचायला धडपडतात ती जागाच ती. म्हणजे मैत्रिणींनो, आपण मुक्कामाचं ठिकाण!

ड्रॅगन-जादूगारांच्या जाडजूड कादंबऱ्या म्हणजे पोराटोरांची करमणूक, असं चळवळीतल्या अनेकींना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांतल्या चांगल्या लेखकांनी हा साचा आतून मोडला आहे. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला (१९५४-५५) फ्रोडो काही मिळवायला नाही, टाकून द्यायला निघतो. शेवटच्या क्षणी तेही त्याच्याच्याने होत नाही, आणि घरी परतल्यावर तो तिथे रमत नाही. पण तो गेल्यावर घर कोणी चालवलं, हे तिथेही कोणी विचारत नाही.

ते विचारलं उर्सुला ले ग्विन यांनी. 'अर्थसी'च्या पहिल्या तीन कादंबऱ्या (१९६८-७२) लिहून झाल्यावर १९९० मध्ये त्यांनी 'तेहानू' लिहिली. महान जादूगार गेड सगळी शक्ती संपवून, खजील होऊन परत आलाय. गोष्ट आता त्याची नाही. ती आहे तेनारची, एका शेतकऱ्याच्या प्रौढ विधवेची. बलात्कार करून आगीत ढकललेली एक पोर तिने सांभाळायला घेतली आहे. मोहीम नाही की खजिना नाही. पोरीला खाऊ घालायचं, रात्री शांत करायचं, ते पुरुष पुन्हा आसपास दिसले की दाराला कडी लावायची. मग खलाशी झालेला मुलगा परत येतो. रीतीप्रमाणे शेत त्याचं. जेवल्यावर ताटं उचलणं हे बायकांचं काम, असं तो सांगतो.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण हा मुलगा मला सोलापुरात दर महिन्याला भेटतो. विडी वळणाऱ्या बायकांसोबत माझं काम चालतं. नवरा जातो, मुलगा पुण्याहून येतो आणि तेराव्यानंतर हक्कसोडपत्र पुढे येतं. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून विधवा ही नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीची वारस आहे. हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. पण म्हातारपणी जायचं कुठे?

खरं तर आपल्या आयाआज्यांना यासाठी इंग्रजी कादंबरीची गरज नव्हती. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. तारा भवाळकरांनी 'सीतायन'मध्ये लोकपरंपरेतली सीता आपल्यापुढे उभी केली. रामाचा राज्याभिषेक झाला की पुरुषांची गोष्ट सुफळ संपूर्ण होते. जात्यावरच्या बायका मात्र त्यानंतरच्या सीतेला धरून बसतात: तिचा वनवास, रानातलं बाळंतपण, एकटीने हलवलेला पाळणा.

मुलींच्या हातात तलवार देणाऱ्या गोष्टी हव्यातच, माझा विरोध नाही. पण नायकाचे कपडे बाईला चढवले म्हणून साचा बदलत नाही. आणि हा साचा आपल्या कार्यालयांतही शिरलाय. देणगीदार संस्थांचे छापील फॉर्म 'यशोगाथा' मागतात. आधीची परिस्थिती, संघर्ष, विजय, सोबत हसरा फोटो.

गेल्या तिमाहीत आमच्या वस्तीतल्या एका बाईने हक्कसोडपत्रावर सही करायचं नाकारलं. मुलाने बोलणं टाकलंय. ती त्याच घरात राहते, त्याच्यासाठीही भाकरी थापते आणि दुपारी विड्या वळायला बसते. हे कोणत्या रकान्यात लिहायचं, असं मी पत्राने विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.