दारचा रांजण

वैशाखाचे ऊन अंगणात उतरले आणि शाळेची घंटा मुकी झाली, की एकत्र कुटुंबात जी गोड धांदल उडते तिचे वर्णन आमच्या वाचकांपुढे करावयास नको. वळकट्या गेल्या, पत्र्याच्या ट्रंका माळ्यावर चढल्या, त्यांच्या जागी चाकांच्या बॅगा आल्या; धांदल मात्र जशीच्या तशी आहे. यंदा कोकण की महाबळेश्वर, ह्या वादात आम्ही पडणार नाही. स्थळे सुचविणारे पुष्कळ आहेत. आमचा प्रश्न निराळा आहे. सुटीवर निघालेले घर वाटेत भेटणाऱ्या माणसास काही देते की नाही, आणि देत असेल तर ते कशातून देते: आपल्या वाट्यातून, की उरल्यासुरल्यातून?

आमचे बालपण दौंडास गेले. वडील रेल्वेत कारकून होते. आजोळ शिरूरास, म्हणजे घोडनदीस; नदीचेच नाव त्या गावासही लोक देतात. शिरूरास रेल्वे नाही. त्यामुळे वडिलांच्या पासावर आम्हांस दिल्ली गाठता आली असती, मद्रास गाठता आले असते, परंतु आजोळी जावयाचे तर रोख तिकीट काढून एस. टी.नेच जावे लागे. ह्या विनोदावर वडील दर मे महिन्यात एकदा हसत आणि आई दर मे महिन्यात एकदा रागावे.

दौंड हे जंक्शन. मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडास तोंड फिरवावे लागे. पुढचे इंजिन सोडून मागल्या टोकास लावीपर्यंत गाडी बराच वेळ तिष्ठत उभी राही. उन्हाळ्यात डबे तापलेले, फलाटावरच्या नळापाशी झुंबड, आणि म्हाताऱ्या माणसांस व लेकुरवाळ्या बायांस जागा सोडून उतरण्याची सोय नाही. अशा वेळी रेल्वेच्या चाळीतील आम्ही पोरे तांबे आणि किटल्या घेऊन खिडक्यांपाशी धावत असू. ह्यात पुण्यकर्माची भावना होती असे कोणी समजू नये. कोणाचे भांडे किती वेळा रिकामे झाले ह्याची आमची पैज असे. वडिलांचे दंडक दोनच: पैसा घ्यावयाचा नाही, आणि भांडे विसळल्यावाचून भरावयाचे नाही. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे पुष्कळ गाड्या जंक्शनात न शिरताच बाहेरून निघून जातात. प्रवाशांचा वेळ वाचला, हे चांगलेच झाले.

पाणी देण्याचा आम्हांस असा जन्मजात सराव होता. पाणी घेण्याचा प्रसंग मात्र १९७३ च्या मे महिन्यात आला.

१९७२ च्या दुष्काळाचे ते दुसरे साल. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पाठीमागच्या पर्जन्यछायेतले. चांगल्या सालीदेखील वीस इंचांच्या आसपास पाऊस. ज्या सालाविषयी आम्ही बोलतो त्या साली तर जमिनीला ओल कशी ती ठाऊक नव्हती. गावोगाव दुष्काळी कामे निघाली होती. माणसे खडी फोडीत, पाझरतलाव खणीत, रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो खात, आणि कामावर सुकडी मिळे तिची पुडी मुलांसाठी पदरात बांधून ठेवीत.

त्या वर्षी आम्हांस नेण्यासाठी आजी स्वतः दौंडास आली होती. आई, आजी, आम्ही तीन भावंडे, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा, अशी आमची स्वारी निघाली. पाटस, चौफुला, केडगाव करीत भीमा ओलांडली. न्हावरे सोडल्यावर गाडी एका उजाड माळावर बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी येईल तेव्हा येईल." ती दुपार उलटेपर्यंत आली नाही. तांब्यातले पाणी तासाभरातच संपले. धाकटी बहीण चार वर्षांची. ती प्रथम रडली आणि मग रडेनाशी झाली, तेव्हा आईचा चेहरा बदलला.

थोड्या अंतरावर खडी फोडण्याचे काम चालू होते. तेथून एक बाई आली. तिच्या डोक्यावर घागर होती आणि मागे तिचा एक उघडा पोरगा. पाणी टँकरने यावयाचे आणि मापाने मिळावयाचे, हे आम्हांस मागाहून समजले. तिने कोणास काही विचारले नाही. धाकटीच्या तोंडाशी ओंजळ धरावयास सांगून तिने बारीक धार सोडली. मग आम्हां दोघां भावंडांस पाजले, मग आईला. शेवटी ती आजीकडे वळली. आजी पदर सावरून बसून राहिली. तिने ओंजळ पुढे केली नाही.

"आजीस्नी नगं व्हय पाणी?" त्या बाईने विचारले.

कोणीच उत्तर दिले नाही. त्या बाईलाही ते कळले असावे, कारण तिने पुन्हा विचारले नाही. आईने चार आणे काढून तिच्यापुढे धरले. ती म्हणाली, "पान्याचं पैसं घ्याया लागल्यावं मग ऱ्हायलं काय, बाई?" एवढ्यात तिच्या पोराने मुठीतली सुकडी आमच्या धाकटीच्या तळहातावर ओतली आणि तिने ती खाऊनही टाकली. बाहेरच्या चहाच्या थेंबासदेखील आम्हांस शिवू न देणारी आमची आजी त्या क्षणी मान फिरवून माळाकडे पाहत होती. मग तिने डबा उघडला आणि सगळ्या दशम्या त्या बाईच्या पदरात घातल्या. वरून घातल्या, हेही खरे.

शिरूरास पोचेपर्यंत आजीने पाण्याचा थेंब घेतला नाही.

ती बाई कोणत्या जातीची होती हे आम्हांस ठाऊक नाही, आणि आजीलाही नव्हते. परंतु ठाऊक नसणे हेच तेव्हा पुरेसे कारण असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करावे असा बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले ते १९२७ च्या मार्चची २० तारीख. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. एवढे सगळे होऊनही १९७३ साली ते आमच्या आजीच्या ओंजळीपर्यंत पोचले नव्हते. आजी दुष्ट नव्हती. तिच्यासारखी मायाळू बाई आम्ही थोडी पाहिली. म्हणूनच तो प्रसंग आम्हांस अधिक बोचतो. दुष्टपणाचा हिशेब सोपा असतो.

पुढच्या सुटीत आजोळी गेलो तो दारात, ओसरीच्या पायरीशी, एक मोठा रांजण अर्धा पुरून ठेवलेला. आजीने कोणास कारण सांगितले नाही. मामांनी विचारले तेव्हा "उन्हाळा आहे" एवढेच म्हणाली. तो रांजण भरण्याचे काम सुटीस आलेल्या नातवंडांकडे. प्रत्येकी आडाच्या दोन कळशा, सकाळी चहापूर्वी. आम्ही कुरकुर पुष्कळ केली. एकदा मामेभावाने घरचे पाणी गाळून भरले आणि दारच्या रांजणात तसेच ओतले. आजीने तो सगळा रांजण तुळशीस व केळीस उपसायला लावला. "घरचं पाणी आणि दारचं पाणी एकाच फडक्यातून गाळायचं," ती म्हणाली. ते फडके आमच्या डोळ्यांपुढे आजही आहे. तिच्या जुन्या इरकलीचा चौघडी केलेला तुकडा. रांजणावर ओगराळे लांब दांड्याचे होते, पण ते ज्याचे त्याने हाताने घ्यावयाचे होते. पाणी वाढावयास आजी कोणाला बसवीत नसे. ह्यातला अर्थ कळावयास आम्हांस वीस वर्षे लागली.

संस्कृतात पाणपोईस प्रपा म्हणतात, आणि प्रपेवर पाणी देणारी ती प्रपापालिका. सातवाहन राजा हाल ह्याच्या नावे जो महाराष्ट्री प्राकृत गाथांचा संग्रह प्रसिद्ध आहे, त्यात अशा एका प्रपापालिकेची गाथा आहे. वाटसरू बोटे फाकून ओंजळीतले पाणी सांडू देतो आणि तीही मुद्दाम धार बारीक करते, असा तो शृंगाराचा मामला. शाळेत शिकविताना तेवढी गाथा आम्ही वगळीत असू. परंतु आमच्या महाराष्ट्रात त्या काळीही वाटेवर पाणी ठेवण्याची चाल होती, एवढी साक्ष तीतून अवश्य मिळते. पूर्वी धनिक लोक पाणपोया घालीत, पण कित्येक ठिकाणी एकाच पाणपोईवर एकास भांड्याने आणि दुसऱ्यास दुरून पन्हळीने पाणी मिळे. दानाचा डौल आणि दानाचा अपमान एकाच मांडवाखाली नांदत. असो.

वाट्यातून देणे म्हणजे काय ते पाहावयाचे असेल, तर आषाढीच्या आधी यवत येथे जावे. सुटी तेव्हा संपलेली असते, पण एक दिवसाची रजा काढावयास हरकत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे सोडून लोणी काळभोरनंतर दौंड तालुक्यात शिरते आणि यवतेस मुक्काम करते. त्या दिवशी गावात घरोघर भाकऱ्या थापतात आणि काळभैरवनाथाच्या देवळात मोठमोठ्या कढयांतून पिठले शिजते. पिठलेभाकरी हे सणावाराचे पक्वान्न नव्हे. रोज आपल्या ताटात पडते तेच पाहुण्याच्या हातावर ठेवावयाचे. आम्ही एके वर्षी तेथे चुलीशी बसलेल्या एका आजीबाईंस विचारले, "किती भाकऱ्या झाल्या?" त्या म्हणाल्या, "मोजत्यात व्हय?"

येथवर जे लिहिले त्यावरून वाचकांचा असा समज होईल की आम्ही स्वतः हा धडा केव्हाच गिरविला असेल. तसे नाही.

यंदाच्या मे महिन्यात पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडे आली. रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन करून यावे आणि दुसऱ्या दिवशी सिद्धटेकास जावे, असा बेत ठरला. सिद्धटेकास पूर्वी शिरापूरहून नावेने भीमा ओलांडावी लागे. आता पूल आहे. गाडीत मागे पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका होता, सीलबंद. न्हावऱ्याच्या अलीकडे धनगरांचा वाडा आडवा आला. मेंढरे, कुत्री, आणि सामानाने लादलेली घोडी. एका घोडीवर गाठोड्यांच्या मध्ये बसविलेले दोन-अडीच वर्षांचे मूल आणि त्याच्या शेजारी टोपलीत कोंबड्या. गाडी थांबवावीच लागली. घोडीमागून चालणाऱ्या बाईने काचेपाशी येऊन मुलाकडे बोट दाखविले आणि अंगठा ओठांशी नेला.

आम्ही तत्परतेने बाटली दिली. आमच्या हातातली, अर्धी प्यालेली.

बाईने ती घेतली, मुलास पाजली आणि मान लववून ती पुढे गेली. तिने काही मनात आणल्याचे दिसले नाही. मागून आमचा नातू म्हणाला, "आजोबा, मागे नवीन होत्या ना?" त्याच्या स्वरात आरोप नव्हता. तो नऊ वर्षांचा आहे. त्याला खरोखरच कारण हवे होते. खोका काढण्यास उतरावे लागले असते, मेंढरे पुढे निघाली होती, ऊन फार होते, अशी तीन कारणे आम्हांस त्याच वेळी सुचली, आणि त्यांतले एकही आम्ही त्यास दिले नाही. तो दार उघडून खाली उतरला, खोका फाडला आणि दोन बाटल्या घेऊन त्या वाड्यामागे पळत सुटला. सूनबाई त्याच्यामागे धावल्या. ही १९७३ ची जागा नव्हे. ती पलीकडे, आणि रस्ता रुंद झाल्यापासून आम्हांस नेमकी दाखवताही येणार नाही.

रांजणगावहून परतताना शिरूरास मामेभावाकडे उतरलो. जुने घर पाडून तेथे इमारत उभी राहिली आहे. रांजण मात्र टाकलेला नाही. मागील बाजूस पालथा पडला होता आणि त्याच्याखाली मांजरीने पिले घातली होती. काठास किंचित टवका उडाला आहे, तळ शाबूत आहे. पिले मोठी झाल्यावर एका टेम्पोतून तो दौंडास आणविला आणि फाटकाबाहेर, कडुलिंबाच्या सावलीत मांडला.

त्यात पाणी कोणते भरावे ह्यावर घरात अद्याप एकमत नाही. आमच्या घरी पिण्याचे पाणी फिल्टरचे असते. सूनबाईंनी पुण्याहून फोनवर सांगितले की रांजणास नळाचे पाणी पुरे, फिल्टरला तेवढे भरावयास फार वेळ लागेल. मुलाचे म्हणणे, विकतचा जार आणून ओतावा. नातवास आम्ही आजीच्या फडक्याची गोष्ट सांगून चुकलो आहोत, त्यामुळे तो फिल्टरवर अडून बसला आहे. रात्री तोटी बारीक सोडून खाली पातेले लावावे, असा त्याचा तोडगा. काल आम्ही तसे करून पाहिले. उजाडेपर्यंत दोन कळशा भरतात.